दंडशक्ती आणि नागरिकाचे स्वातंत्र्य
(समाजाच्या वार्षिक संमेलनात भद्रावती येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात मुलामुलींचे शिक्षण, विवाहातील खर्च, वसतिगृहाची निकड आणि व्यसनमुक्ती या विषयांवर माझ्या आधीच्या वक्त्यांनी मोलाचे विचार मांडले आहेत. मजकडे जो विषय सोपविला गेला तो वरवर पाहता यांहून निराळा वाटेल. आपले गाऱ्हाणे घेऊन शासनाच्या दारी जाणाऱ्या लोकांवर आणि त्याची वार्ता जगाला सांगणाऱ्या पत्रकारांवर शासनाने बळाचा वापर करावा काय, केल्यास किती करावा, आणि त्याचा जाब कोणी कोणाला द्यावा, असा हा प्रश्न आहे. गोवारी समाजाच्या सभेत हा विषय का निवडला, हे कोणी विचारणार नाही. २३ नोव्हेंबर १९९४ हा दिवस आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात ठाऊक आहे.

परंतु केवळ शोक व्यक्त करण्यासाठी मी उभा नाही. शोक आपण दरवर्षी करतो, आणि तो करावाच. त्या दिवसापासून आपण काय शिकावे, हा विचार मात्र आपल्या सभांतून जितका व्हावयास हवा होता तितका झालेला नाही. तोच आज थोडक्यात मांडावा असा माझा हेतू आहे.

प्रारंभीच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. शासनाच्या हाती दंड असावा लागतो. ज्या गावात दंड नाही तेथे बळी तो कान पिळी अशी स्थिती होते, आणि तिचा पहिला मार दुबळ्यालाच बसतो. आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखणारा. गुराख्याच्या हातात काठी असतेच. पण ती काठी कशासाठी असते हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? चुकार जनावर वळविण्यासाठी ती असते, त्याचे हाड मोडण्यासाठी नसते. आणि दिवस मावळताना गुराखी आखरावर येतो तेव्हा मालकाला प्रत्येक जनावराचा हिशेब द्यावा लागतो. एखादी गाय लंगडत आली तर "असे कसे झाले?" हा प्रश्न विचारण्याचा मालकाला अधिकार असतो, आणि गुराखी त्या प्रश्नावर रागावत नाही. लोकशाहीत मालक कोण आणि राखणदार कोण, एवढे ध्यानात घेतले म्हणजे माझ्या विषयाचा अर्धा भाग सांगून झाला.

आता आपल्याच परिसराचा इतिहास पाहू. ज्या नागपंचमीला या भद्रावतीत भद्रनागाच्या दर्शनास लोक लोटतात, त्याच नागपंचमीच्या दिवशी, १६ ऑगस्ट १९४२ रोजी, येथून फार दूर नसलेल्या चिमूर गावात स्वातंत्र्याची मिरवणूक निघाली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने आणि भजनांनी ते गाव आधीच जागे झालेले होते. मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा त्यात मृत्यू पावला. त्यानंतर जमाव खवळला आणि काही सरकारी अधिकारी व पोलीस त्याच्या हातून मारले गेले. हे दुसरे सत्यही आपण लपवू नये. ज्यांचा जीव गेला त्यांनाही घरदार होते, आणि जमावाने केलेली हत्या ही हत्याच असते.

पण पुढे काय झाले? काही दिवसांतच सशस्त्र पोलीस आणि गोरे सैनिक गावात शिरले. पुरुषांची सरसकट धरपकड झाली आणि घरांत मागे राहिलेल्या स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर येऊ लागल्या. नागपूरहून डॉ. बा. शि. मुंजे आणि काही प्रतिष्ठित महिला तेथे जाऊन आल्या व त्यांनी त्या तक्रारी जाहीर केल्या. मध्यप्रांत सरकारने मात्र चौकशी करण्याचे साफ नाकारले. सुक्याबरोबर ओलेही जळते असे आपण म्हणतो. चिमूरला ज्यांचा जमावाशी संबंधही नव्हता अशी घरे होरपळली. अपराध काहींचा आणि शिक्षा सगळ्या गावाला, ही परकीय सत्तेची रीत होती.

तेव्हा सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक भन्साळी पुढे आले. त्यांची मागणी अगदी साधी होती. चिमूरच्या तक्रारींची निष्पक्ष चौकशी व्हावी, एवढेच ते मागत होते. त्यासाठी त्यांनी नोव्हेंबर १९४२ मध्ये उपोषण आरंभिले आणि ते ६३ दिवस चालले. सरकारने काय केले? चौकशी तर केली नाहीच, उलट उपोषणाच्या आणि चिमूरच्या बातम्या छापण्यावरच बंदी घातली. एक माणूस आश्रमात अन्नावाचून झिजत होता, आणि देशाने ते जाणू नये अशी व्यवस्था सरकार करीत होते. या बंदीच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी आपले प्रकाशन बंद ठेवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १२ जानेवारीस, बातम्यांवरील निर्बंध दूर होण्याच्या तडजोडीवर ते उपोषण सुटले. आष्टी-चिमूरच्या खटल्यांत फाशीची शिक्षा झालेल्या देशभक्तांसाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी अविश्रांत खटपट केली, आणि अखेर १९४५ मध्ये त्या शिक्षा रद्द होऊन जन्मठेपेत बदलल्या गेल्या. लोकांना त्यांची नावे ठाऊक नसती, वृत्तपत्रांतून त्यांचा प्रश्न धगधगत राहिला नसता, तर हे घडले असते काय?

योगायोग असा की, याच १६ ऑगस्टला, १८१९ साली, इंग्लंडातील मँचेस्टर शहरी मतदानाचा अधिकार मागण्यासाठी जमलेल्या हजारो निःशस्त्र लोकांवर घोडदळ सोडण्यात आले होते. स्त्रिया आणि मुलेही त्यात तुडविली गेली. सभेच्या व्यासपीठावर असलेला लंडनच्या 'टाइम्स' पत्राचा बातमीदारही पकडला गेला. पण इतरांनी लिहिलेले वृत्तांत बाहेर पडले, आणि त्या प्रसंगाने अस्वस्थ झालेल्या एका गृहस्थाने दोन वर्षांनी 'मँचेस्टर गार्डियन' हे वृत्तपत्र काढले. सत्ता गोऱ्यांची असो वा काळ्यांची, आपल्या लोकांवरील असो वा परक्यांवरील, तिची पहिली इच्छा गर्दी पांगविण्याची असते आणि दुसरी इच्छा त्या पांगविण्याची वार्ता दडविण्याची असते. म्हणून मोर्चेकरी आणि पत्रकार या दोघांचे स्वातंत्र्य वेगळे करता येत नाही. एकाच्या पाठीवर काठी पडते तेव्हा दुसऱ्याचा कॅमेरा फुटतो, तो केवळ अपघात नसतो.

परकीय सत्ता गेली. २६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना अंमलात आली. तिच्या १९ व्या अनुच्छेदाने भाषणाचे आणि शांततेने, निःशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकास दिले. वृत्तपत्रांचे स्वातंत्र्यही भाषणस्वातंत्र्याच्या पोटातच येते असे न्यायालयांनी सांगितले आहे. या स्वातंत्र्यांवर वाजवी निर्बंध घालता येतात, हे खरे. पण "वाजवी" हा शब्द घटनाकारांनी विचारपूर्वक घातलेला आहे, आणि निर्बंध वाजवी की गैरवाजवी हे ठरविण्याचे काम अखेर न्यायालयाचे आहे, बंदोबस्तावरील अंमलदाराचे नव्हे. तरीही १९५५ आणि १९५६ साली संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत उतरलेल्या लोकांवर गोळ्या चालल्याच. हुतात्मा चौकातील स्मारक त्याची साक्ष देत उभे आहे. स्वराज्य आल्याने दंडाची सवय आपोआप सुटत नाही, हे त्यातून दिसते.

आता आपल्या जखमेकडे वळू. अनुसूचित जमातींच्या यादीत "गोंड गोवारी" अशी नोंद आहे. या नोंदीचा लाभ गोवारींना मिळावा, ही आपली मागणी. २४ एप्रिल १९८५ च्या शासननिर्णयाने आपल्याला त्यातून वगळले, आणि तेव्हापासून आपला समाज निवेदने देत होता. १९९४ च्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी, २३ नोव्हेंबरला, हजारो गोवारी नागपुरास गेले. बायका होत्या, अंगावरची लेकरे होती, म्हातारी माणसे होती. त्यांच्यापाशी शस्त्रे नव्हती, होती ती शिदोरी आणि निवेदन. विधानभवनाच्या वाटेवर त्यांना अडविण्यात आले. मंत्र्यांपैकी कोणी येऊन निवेदन घेईल या आशेवर लोक ताटकळत बसले. सायंकाळी गर्दीत हालचाल झाली, लाठीमार झाला, आणि कठड्यांच्या आत कोंडलेल्या त्या जनसमुदायाची चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि बालके होती.

त्यानंतर आदिवासी विकासमंत्र्यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने ही घटना दुर्दैवी ठरविली आणि शासनयंत्रणेवर दोष ठेवला नाही. १९९५ मध्ये आपला समावेश विशेष मागास प्रवर्गात झाला. नागपुरात स्मारक उभे राहिले, उड्डाणपुलाला शहिदांचे नाव मिळाले. १४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपल्या बाजूने निकाल दिला, आणि १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. आरक्षणाच्या प्रश्नाचा निवाडा कसाही होवो, त्याविषयी आज मला बोलावयाचे नाही. माझे म्हणणे एवढेच की, आपली मागणी कायद्याच्या कसोटीस उतरते की नाही हा एक प्रश्न आहे, आणि ती मागणी करणाऱ्या माणसाने संध्याकाळी घरी जिवंत परतावे की नाही हा दुसरा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर "नाही" असे आले तरी दुसऱ्याचे उत्तर बदलत नाही. मागणी चुकीची होती म्हणून मेलेल्यांचा हिशेब मागू नये, असे म्हणणारे या दोन प्रश्नांची गल्लत करतात. दुर्दैव हा शब्द वीज पडल्यास वापरावा. जेथे कठडे माणसांनी उभे केले, वाटा माणसांनी बंद केल्या, आणि निवेदन घेण्यास माणूसच आला नाही, तेथे दुर्दैवाच्या माथ्यावर सारे टाकून मोकळे होता येणार नाही.

मग कायदा काय सांगतो? १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या १४८ व्या कलमान्वये बेकायदेशीर जमावास, किंवा शांतताभंग होईल असे वाटणाऱ्या पाच वा अधिक माणसांच्या जमावास, पांगण्याचा आदेश देता येतो, आणि तो न मानल्यास बळ वापरता येते. म्हणजे आधी आदेश आणि मग बळ, हा क्रम कायद्यानेच घालून दिलेला आहे. आदेश ऐकू गेला पाहिजे, तो पाळण्यास वेळ मिळाला पाहिजे आणि पांगण्यास वाट मोकळी असली पाहिजे. चारी बाजूंनी कोंडलेल्या माणसाला "पांग" म्हणण्याला काय अर्थ आहे? ४ जून २०११ च्या मध्यरात्री दिल्लीच्या रामलीला मैदानावर झोपलेल्या लोकांवर पोलिसांनी कारवाई केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्या कारवाईवर कडक ताशेरे ओढले. २०१६ मध्ये अनिता ठाकूर यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने असे म्हटले की, मोर्चा हिंसक झाला तर पोलीस बळ वापरू शकतात, पण परिस्थिती आटोक्यात आल्यावरही मारहाण चालू ठेवणे हा मूलभूत हक्कांचा भंग होय. त्या खटल्यात जखमींना नुकसानभरपाई देण्यात आली. आपल्यावर १९९४ साली जे गुदरले त्यानंतर कायदा एवढा पुढे आला आहे, हे आपल्या तरुणांनी ध्यानी घ्यावे.

असे असले तरी एक अडचण मोठी आहे. जमाव पांगविताना केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर खटला भरावयाचा तर शासनाची मंजुरी लागते. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच धन्याकडे परवानगी मागावयाची, असा हा प्रकार होय. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानंतर महाराष्ट्रात पोलीस तक्रार प्राधिकरण निर्माण झाले, हा एक दिलासा आहे. पण त्याचे दार ठोठावणारे आपल्यात किती आहेत? १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे उपोषणस्थळी लाठीमार झाला, तेव्हा अवघ्या काही दिवसांत गृहमंत्र्यांनी जाहीर क्षमा मागितली. तेथे पोलीसही जखमी झाले होते, तरीही क्षमा मागितली गेली. त्याबद्दल वैषम्य वाटून घेऊ नका. क्षमा मागणे शासनाला अशक्य नसते, एवढा धडा त्यातून घ्या. जो समाज संख्येने मोठा त्याची क्षमा मागावयाची, आणि जो लहान त्याच्या वाट्याला दुर्दैव, असा भेद मात्र लोकशाहीत चालू देता कामा नये.

पत्रकारांविषयी दोन शब्द. कर्तव्य बजावीत असलेल्या प्रसारमाध्यमांतील व्यक्तींवर हल्ला करणाऱ्यास शिक्षा देणारा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये संमत केला. असा कायदा करण्यात आपले राज्य अग्रेसर ठरले, हे भूषणावह आहे. पण तालुक्याच्या गावी मोटारसायकलवर हिंडून बातमी आणणारा वार्ताहर बहुधा कोणाचा पगारी नोकर नसतो. त्याच्यापाशी ओळखपत्र असेल-नसेल. जंगलभागात तर त्याची स्थिती दोन दगडांत सापडलेल्या दाण्यासारखी असते. गडचिरोलीकडे एकीकडून नक्षलवाद्यांची धमकी आणि दुसरीकडून पोलिसांचा संशय, असे दुहेरी ओझे त्याने वाहिले आहे. त्याने लिहिले नाही तर आपले दुःख गावाच्या शिवेबाहेर जात नाही. म्हणून मोर्च्यात त्याचे रक्षण करणे हे आपलेही कर्तव्य आहे. आपल्या विरुद्ध जाणारी बातमी त्याने दिली म्हणून त्याच्या अंगावर धावून जाणारा कार्यकर्ता आणि त्याचा कॅमेरा फोडणारा शिपाई, यांत मला फरक दिसत नाही.

पोलिसांविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. आपल्याही घरांतील मुले त्या खात्याची स्वप्ने पाहतात, भरतीसाठी पहाटे धावतात. १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीतील जांभूळखेडा येथे सुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक मृत्युमुखी पडले. ती सारी गरिबांची लेकरे होती. मोर्च्यासमोर भर उन्हात उभा असलेला शिपाईही असाच कोणा शेतकऱ्याचा, कोणा गुराख्याचा मुलगा असतो. त्याला नीट प्रशिक्षण, पुरेशी विश्रांती आणि स्पष्ट हुकूम मिळाला तर त्याची काठी आवरते. त्यामुळे आपला रोख त्या शिपायावर नसावा. हुकूम कोणी दिला, केव्हा दिला, आणि तो लेखी कोठे आहे, हे आपण विचारावे.

आता आपण स्वतः काय करावे? व्याख्यान देऊन निघून जाण्यापेक्षा काही ठोस सुचविणे मला अगत्याचे वाटते.

पहिली गोष्ट मोर्च्याच्या शिस्तीची. यापुढे आपल्या कोणत्याही मोर्च्यात गावनिहाय नावांची यादी असावी. स्वयंसेवक ओळखू येतील असे असावेत. पाण्याची सोय असावी, लेकुरवाळ्या बायका आणि वृद्ध कठड्यांपासून दूर, मोकळ्या वाटेजवळ बसावेत. निवेदन कोण, कोठे आणि किती वाजता स्वीकारणार हे आधी लेखी ठरवून घ्यावे. गर्दीत दगड उचलणारा हात कोणाचाही असो, तो आपल्याच माणसाने धरावा, कारण त्या एका दगडाच्या निमित्ताने शेकडो निरपराधांच्या पाठी फुटतात. चिमूरचा तोही धडा आहे.

दुसरी गोष्ट हक्कांच्या ज्ञानाची. अटक झालेल्यास कारण सांगितले पाहिजे, त्याला वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे घटनेच्या २२ व्या अनुच्छेदात आहे. असाधारण प्रसंग वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. स्त्रिया, बालके आणि कोठडीतील माणसे यांना विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळविण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. एवढ्या चार ओळी प्रत्येक घरात पाठ असाव्यात. मार लागला तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्यावी. आठ दिवसांनी दाखविलेल्या वळाला साक्षीची किंमत राहत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९९४ च्या त्या ११४ जणांची नावे दगडावर आहेत, पण त्यांची कहाणी कागदावर किती आहे? कोण कोणत्या गावचा, घरून कशाने निघाला, कोणाबरोबर गेला, मागे कोण उरले, आणि त्या सायंकाळी जे वाचले त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिले, हे कोणी लिहून ठेवले आहे काय? जे तेव्हा तिशीत होते ते आज साठी ओलांडून गेले आहेत. आईच्या कडेवर जे वाचले ते आज स्वतः मुलाबाळांचे धनी आहेत. आयोगाने आपला अहवाल लिहिला. आपण आपला लिहिला नाही. चिमूरच्या स्त्रियांचे म्हणणे कोणी तरी तेथे जाऊन ऐकले व लिहिले, म्हणून ऐंशी वर्षांनंतरही ते आपल्याला माहीत आहे. माझी मंडळाला नम्र सूचना आहे की, पुढील वर्षाच्या स्मरणिकेत जाहिरातींची काही पाने कमी करावीत आणि चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील गावोगावच्या साक्षी तेथे छापाव्यात. आपल्यातील शिकलेल्या मुलामुलींनी दिवाळीत गायगोधनाच्या निमित्ताने गावी जावे, ढालपूजन झाल्यावर म्हाताऱ्यांजवळ बसावे आणि ते सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. आपल्या मनाचे एक अक्षर त्यात घालू नये. ज्याला जे आठवत नाही तेथे "आठवत नाही" असेच लिहावे. खरेपणा हाच अशा लिखाणाचा प्राण आहे.

हे काम झाले तर उद्या कोणत्याही समाजाचा मोर्चा नागपुरास किंवा मुंबईस निघेल तेव्हा बंदोबस्ताची आखणी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे एक पुस्तक असेल. चुकलेल्या आखणीने किती घरे बसतात, हे त्यात त्याला वाचावे लागेल. त्यातून एखादी वाट मोकळी राहिली आणि कोणा अनोळखी आईचे लेकरू सुखरूप घरी आले, तर आपल्या ११४ माणसांचे ऋण अंशतः फिटले असे मी समजेन.